डाव्या मागच्या चाकाचा पंचनामा

१

शुक्रवारी सकाळी सव्वासातला राजनंदिनीचा पिकअप नळदुर्गच्या अलीकडच्या उतारावर आडवा झाला, आणि आठ वाजायच्या आत अख्ख्या जळकोटनं निकाल देऊन टाकला: बाईला गाडी आवरली नाही. निकाल द्यायला जळकोटला कोर्टकचेरी लागत नाही, हायवेवरच्या हॉटेलातलं बाकडं पुरतं. सदतीस कॅन दूध चरात गेलं होतं, राजनंदिनीचा डावा हात मुरगळला होता, आणि बाकड्यावरची मंडळी बशीत चहा ओतून सांगत होती की असं होणार हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

महेश्वरीचं पंक्चरचं दुकान हॉटेलच्या बरोबर समोर. बाई बावन्न वर्षांची, दुकान बावीस वर्षांचं. नवऱ्यानं सुरू केलेलं दुकान तिनं नवऱ्यापेक्षा चांगलं चालवलं, आणि हे तोही चारचौघांत कबूल करायचा. गाव तिला अक्का म्हणायचं.

"अक्का, टायर तुमीच निवडून दिलेले ना तिला?" बाकड्यावरून खडा आला.

"व्हय, म्याच. आन् उद्या दुसरी आली तर तिलाबी तेच सांगीन. च्या प्या गुमान, निवतोय."

तोंडानं बोलली, पण आत नुसती आग झाली होती. तीन आठवड्यांपूर्वीच राजनंदिनी तिच्याकडं आली होती. जुने टायर पार गुळगुळीत झाले होते, आणि गावातला जो तो सांगत होता की रिमोल्ड टाक, झिजलेल्या टायरवर नवं रबर चिकटवलेलं, दिसायला नव्यासारखंच. महेश्वरीनं तिला समोर बसवून शिकवलं होतं. "वजन वाहायचं तर आठ प्लायचा, म्हंजे आठ थरांचाच घे. बाजूची भिंत दाबून बघ, जाड पाहिजे. तुला शिवारातनं बी जायचंय आन् हायवेनं बी, तवा नक्षी लई खोल नको, लई बारीक नको. आन् बाजूला चार आकडे असतेत, कंच्या आठवड्यात, कंच्या सालात बनला ते. ते वाचल्याबिगर हात लावू नको." पोरीनं अगदी तसेच चार घेतले. आणि त्यातलाच एक फुटला म्हणे!

तेवढ्यात दूध संस्थेचे चेअरमन योगीराज मोटारसायकलवरून उतरले. पांढरे कडक कपडे, आवाजात साखर.

"अक्का, वर्षाच्या रूटवाटपाची मीटिंग आधीच लागलेली आहे, रविवारी सकाळी आठला. दुधाचा रूट बब्रुवानला द्यायचा ठरतोय. तुम्ही त्यात तोंड घालू नका, एवढंच सांगायला आलो."

बब्रुवान हा योगीराजांचा मेहुणा. त्याच्याकडंही तसलाच पिकअप होता, आणि वर्षभर तो त्या रूटवर डोळा ठेवून होता.

"ठरतोय का ठरलाय?" महेश्वरीनं विचारलं. योगीराज किक मारून निघून गेले.

तासाभरानं टमटममधून राजनंदिनी उतरली. सव्वीस-सत्तावीसची पोर, डावा हात गळ्यात बांधलेला, कपाळावर खरचटलेलं. तिनं टमटमवाल्याकडून फुटलेलं चाक उतरवून घेतलं आणि महेश्वरीच्या पायाशी आणून टाकलं.

"अक्का, मी चाळीसच्या वर नव्हते. देवीची आण. रूट गेला तर मी पुन्हा लोकाच्या रानात खुरपायला जाईन, जाऊ द्या, तेही करीन. पण बाईला गाडी आवरली नाही असं म्हणतात ना, ते मला सोसत नाही. पुढं या भागात कुठल्या बाईला कोण स्टेअरिंग देईल?"

"रड नको. चाक उलटं कर."

महेश्वरी खाली बसली. टायरच्या पाठीवरचं रबर साल सोलल्यासारखं लांबच लांब निघून आलं होतं. तिनं सालाच्या आतून बोट फिरवलं. खरखरीत. जुन्या टायरची पाठ घासून, सोलवटून, वर नवं रबर बसवलं की बोटाला जे लागतं तेच. बाजूच्या भिंतीवर काळं पॉलिश मारलेलं होतं, आणि पॉलिशखाली बारीक भेगा होत्या.

"नंदे," ती म्हणाली, "ह्यो टायर म्या सांगितलेला न्हाय. ह्यो रिमोल्ड हाय."

२

नळदुर्गात शिवशरणचं टायरचं दुकान म्हणजे काचेची दारं, आत पंखा, आणि गल्ल्यामागं स्वतः शिवशरण, कपाळाला भस्म. महेश्वरीनं चाक सरळ त्याच्या काचेच्या टेबलावर ठेवायला लावलं. टेबल फुटायचं राहिलं.

"शिवशरण, नव्याच्या नावाखाली रिमोल्ड कधीपासनं खपवायला लागलास?"

शिवशरण आधी लाल झाला, मग त्यानं वाकून चाक बघितलं, मग पुन्हा लाल झाला. "अक्का, मी बदमाश असेन. टायर महाग लावतो, उधारी देत नाही, सगळं कबूल. पण हा माल माझा नाही. मी चार दिले, चारही एकाच आठवड्यातले. ही बाई प्रत्येकाचा आकडा वाचत बसली होती, अर्धा तास खाल्ला तिनं माझा."

"वाचला होता," राजनंदिनी म्हणाली. "चारही सारखे होते."

"आणि मी तारखेची बाजू नेहमी बाहेर ठेवूनच चढवतो. गिऱ्हाईक भांडायला आलं की पहिल्यांदा तीच बघतं, मग वाकायला नको."

"चढवतोस कशानं?"

त्यानं मागं बोट दाखवलं. चाक आडवं धरून टायर अलगद बसवणारं मशीन तिथं उभं होतं. महेश्वरीनं फुटलेल्या चाकाच्या लोखंडी रिमवर अंगठा फिरवला. कडेला तीन ठिकाणी ताज्या खोचा होत्या, रंग उडालेला, लोखंड चमकत होतं. मशीन अशी खोच पाडत नाही. ती पडते हातानं, लोखंडी पट्टी घालून टायर उचकटला की. तिच्या स्वतःच्या दुकानात तसल्या तीन पट्ट्या होत्या.

शिवशरणलाही ते दिसलं. त्यानं डोळे बारीक केले. "अक्का, हातानं टायर काढणारं जळकोटात दुसरं आहे तरी कोण? तुमच्याशिवाय?"

राजनंदिनीनं वळून महेश्वरीकडं बघितलं. क्षणभरच, पण बघितलं.

३

महेश्वरीच्या ते जिव्हारी लागलं. टमटम जळकोटला आल्याबरोबर ती म्हणाली, "तुज्या घरी चल. बाकीची तीन चाकं बघायचीत. शंका घे, म्या काय म्हणत न्हाय. पर बघून घे."

"मी शंका नाही घेतली, अक्का."

"घेतलीस. घ्यायलाच पायजे. पण आता चल."

पिकअप अंगणात ओढून आणून ठेवला होता, एक बाजू चेपलेली, डाव्या मागच्या चाकाच्या जागी दगड लावलेले. राजनंदिनीची सासू कस्तुराबाई दारातच बसली होती. साठीची, काटक, उजव्या हाताचं मधलं बोट नाही. कडबाकुट्टीत गेलेलं, वीस वर्षं झाली.

"माज्या सुनंला बोल लावायला कुणी येऊ नगा," ती महेश्वरीला बघताच म्हणाली. "गाडी मीच घ्यायला लावली तिला. पोराला पुण्याचं कारखान्याचं काम धरू दे, गाडी तू चालव म्हणलं."

"बोल लावायला न्हाय आले, कस्तुराबाई. चाकं बघू द्या."

तिन्ही चाकं स्वच्छ होती, मंगळवारीच गाडी धुतलेली. पण प्रत्येक चाकावर लाल ओढ दिसत होती, लोखंडी रिमपासून निघून रबरावर गेलेली. एक रेघ, मग मोकळी जागा, मग दोन रेघा.

"हे काय?"

"मीच केलं," कस्तुराबाई म्हणाली. "टायर नवे बसवले त्याच दिवशी गाडी तुळजापूरला नेली. चाकाखाली लिंबं ठेवली, देवीचं कुंकू तेलात कालवलं आन् चारी चाकाला हातानं ओढलं. तेलात कालवलं की पाण्यानं जात न्हाय."

एक रेघ, मोकळी जागा, दोन रेघा. मधलं बोट नसलेल्या हाताची सही! असली दुसरी सही तालुक्यात शोधून सापडली नसती.

महेश्वरी तशीच उठली, टमटममधून फुटलेलं चाक घेऊन आली आणि अंगणात आडवं टाकलं. रिमवरचा चरातला चिखल तिनं पुसला, तर खाली रेघा होत्या, एक आणि दोन, अगदी स्पष्ट. पण लोखंड संपलं तिथं रेघाही संपल्या. रबर कोरं होतं.

"रिम तुमचीच," ती म्हणाली. "टायर परका. तुळजापूरहून आल्यावर कुणीतरी आतला टायर पळवला आन् आपला मढं झालेला ह्यात बसवला. नंदे, गाडी तुज्या नजरंआड कधी होती?"

राजनंदिनीनं विचार केला. "रोज दारातच असते, माझ्या उशापाशी म्हणा ना. फक्त मंगळवारी वीरप्पाकडं दिली होती, धुवायला आणि ग्रीस मारायला. चार तास."

४

वीरप्पाचं वॉशिंग सेंटर गावाच्या टोकाला. माणूस आळंदकडचा, कन्नड हेलानं मराठी बोलायचा, आणि पाण्याच्या नळीनं बोलणाऱ्यालाही भिजवायचा.

"मी चाक काढलं नाही, अक्का. बसवण्णाची शपथ! गाडी धुतली, ग्रीस मारलं, दिली. चाक कशाला काढू मी?"

"मग लाल रेघा तरी कशा राहिल्या? तू तर नंबरप्लेटचा रंगबी धुऊन काढतोस."

वीरप्पानं नळी बंद केली. "ते कुंकू आहे हो, देवीचं. त्याच्यावर ब्रश मारायला माझा हात धजत नाही. इथं कुणाचाच धजत नाही. गिऱ्हाईक स्वतः सांगतं, बाकी सगळं घास, तेवढं सोड."

"चार चाकांवर होतं का तीन?"

"चार. धुताना चारीला बगल देऊन धुतलं, ध्यानात आहे. मग करंट गेला, मी जेवायला घरी गेलो. दोन तास."

"इथं कोण होतं तवा?"

"कोणी नाही. बब्रुवानची गाडी शेजारच्या रॅम्पवर होती. तो म्हणाला, जा तू, मी बसतो."

बब्रुवान दूध सोसायटीच्या पटांगणात पिकअप पुसत होता. रविवारी रूट मागणाऱ्यानं गाडी दाखवायची आणि संस्थेनं आधी टायर तपासायचे, असा संस्थेचा जुना नियम. महेश्वरीला बघून त्यानं फडकं खांद्यावर टाकलं.

"या अक्का. आमच्या टायरला पण नाव ठेवायला आलात काय?"

"मंगळवारी वीरप्पाकडं होतास?"

"होतो की. गाडी धुवायला काय तुमची परवानगी लागती? तिनं नवे म्हणून कसले तरी घेतले असतील. बायकांना दुकानदार गंडवतेतच."

महेश्वरी गाडीभोवती फिरली. चारही टायरची नक्षी तीच. या भागात सगळे तीच नक्षी घेतात, त्यात नवल नाही. उजवे दोन आणि डावा पुढचा, तिन्हींवर आकडे होते, जुन्या सालातले, वर पॉलिश मारलेलं. डाव्या मागच्याची नक्षी मात्र करकरीत, खाचांत अजून रबराचे बारीक केस. ती त्याच्यापाशी गुडघ्यावर बसली. कुंकवाचा ठिपकासुद्धा नव्हता. पुसल्याची खूण नव्हती, घासल्याची नव्हती. ती अजून बघणार तोच बब्रुवाननं गाडी चालू केली.

"झालं का बघून? मला काम आहे."

धूर सोडत तो निघून गेला आणि महेश्वरी रिकाम्या हातानं पटांगणात उभी राहिली. टायर नवा होता, पण नवा टायर असणं हा काही गुन्हा नाही.

५

शनिवार दुपारपर्यंत ती चिडलेलीच होती. एका ट्रॅक्टरचं पंक्चर काढत होती, पण लक्ष नव्हतं. बब्रुवाननं कुंकू पुसलं असेल, तर तेलाचा डाग तरी राहायला हवा होता. नुसत्या पाण्यानं ते जात नाही, आणि ब्रशानं घासलं तर रबर पांढरट पडतं. तिथं तर काहीच नव्हतं.

आणि वीरप्पा काय म्हणाला? इथं कुणाचाच हात धजत नाही.

महेश्वरीनं हातातली कानस खाली ठेवली. चोरी करायला धजला, बाईच्या जिवाशी खेळायला धजला, पण देवीचं कुंकू पुसायला? तो जळकोटचाच की! दर नवरात्रात तुळजापूरला चालत जाणारा. मग पुसायचं नाही आणि दिसूही द्यायचं नाही, तर माणूस काय करील?

मग तिला दुसरी गोष्ट आठवली. त्या टायरवर तिनं तारखेचे आकडे शोधले होते आणि ते तिला सापडलेच नव्हते. ते आकडे एकाच बाजूला असतात. शिवशरण ती बाजू बाहेर ठेवतो.

"हात् तुझी! बब्रुवाना," ती एकटीच मोठ्यानं म्हणाली, आणि ट्रॅक्टरवाला दचकून दोन पावलं मागं सरला.

रविवारी आठला दूध घालायला आलेल्या बायाबापड्यांनी सोसायटीचं पटांगण भरलं होतं. योगीराज खुर्चीवर, पुढं ठरावाची वही उघडी. ठराव आधीच लिहून तयार होता, ते वाचायलाच लागले. "चालक महिलेच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या अपघाताचा विचार करता..."

"थांबा," महेश्वरी म्हणाली. "नियम काय हाय? आधी टायर तपासायचे."

"तपासलेत, अक्का."

"तुमी तपासले. आता मी तपासते. का, भीती हाय?"

भीती आहे असं चारचौघांत कोण म्हणेल? बब्रुवान म्हणाला, "तपासा की." महेश्वरीनं जॅक लावला, डाव्या मागच्या चाकाचे नट फिरवले, चाक ओढून काढलं आणि पटांगणाच्या मधोमध, आतली बाजू वर करून, धाडकन खाली टाकलं.

रबरावर तेलकट लाल रेघा होत्या. एक, मोकळी जागा, दोन. लोखंडावर कुंकू नव्हतं, पट्टीच्या ताज्या खोचा मात्र होत्या. बाजूला तारखेचे चार आकडे.

"नंदे, वाच."

राजनंदिनीनं आकडे मोठ्यानं वाचले. मागून शिवशरणचा आवाज आला, "तेच. चारही त्याच आठवड्यातले दिले मी." महेश्वरीनं त्याला मुद्दाम बोलावलं होतं.

"बाजारात कुंकू लागलेले टायर लई असतेत," बब्रुवान म्हणाला.

कस्तुराबाई गर्दीतून पुढं आली. खाली बसली, उजवा हात पसरून त्या रेघांवर ठेवला. तीन बोटं तिन्ही रेघांवर बसली, आणि मधल्या मोकळ्या जागेवर जे बोट यायला हवं होतं ते तिच्या हातालाच नव्हतं.

"टायर चोरलास," महेश्वरी म्हणाली, "वीरप्पा जेवायला गेला तवा, गाडीतली पट्टी आन् हातपंप काढून. तुझा साल निघायला आलेला रिमोल्ड तिच्या रिममधी घातलास. पुसायचं होतंस ना रं कुंकू! न्हाय पुसवलं. म्हणून तोंड आत करून चढवलास."

बब्रुवान म्हणाला, "आईचं कुंकू होतं, अक्का. कसं पुसणार? मला वाटलं नव्हतं गाडी आडवी होईल. तपासणीपुरता एक चांगला पाहिजे होता, नंतर बदलून ठेवणार होतो. खरंच."

योगीराज उठले. चेहरा पडला होता, पण आवाजात साखर होतीच. "झालं ते वाईट झालं. गावातलं गावात मिटवू. रूट राजनंदिनीकडंच राहील, टायर परत मिळेल, गाडी तो दुरुस्त करून देईल. हा ठराव मी फाडून टाकतो, विषय संपला."

"फाडू नका," राजनंदिनी म्हणाली.

दोन दिवसांत ती पहिल्यांदाच एवढ्या मोठ्यानं बोलली होती. गळ्यातला हात तिनं तसाच छातीशी धरला होता. "पोलिसात जायचं का नाही ते मी ठरवीन, तुम्ही नाही. रूट माझाच होता, तो देऊन तुम्ही उपकार करत नाही. आणि ठराव फाडायचा नाही. निष्काळजीपणा तुम्ही शाईनं लिहिलाय ना? राहू द्या. त्याच्या खाली लिहा, वरचं खोटं आहे. अपघात टायरचोरीनं झाला, बाईच्या चालवण्यानं नाही. अध्यक्ष म्हणून सही करा."

"वहीत असं लिहीत नसतात, पोरी. जिल्ह्याचे साहेब बघतात वही."

"बघू द्या की!"

योगीराजांनी महेश्वरीकडं बघितलं, मग लोकांकडं. कस्तुराबाई आपला दुधाचा कॅन उचलून मागं घेऊन गेली आणि त्यावर झाकण लावून बसली. शेजारच्या बाईनंही आपला मागं घेतला. मग तिसरीनं. मापाच्या टेबलापुढं कुणी राहिलं नाही, आणि सांगावं कुणालाच लागलं नाही.

योगीराज खाली बसले. त्यांनी लिहिलं, सही केली आणि वही मिटायला गेले.

"मोठ्यानं वाचा," कस्तुराबाई कॅनवरून न उठताच म्हणाली. "आमाला अक्षर येत न्हाय."

त्यांनी वाचलं. बाकड्यावरची मंडळी पार फाटकापाशी उभी होती, तिथवर ऐकू गेलं नाही, म्हणून राजनंदिनीनं त्यांना ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.